आधी मोजमाप

मीटर सर पेशंटला पेननं हात लावायचे. अंगावरून वारं गेलेला माणूस समोर खुर्चीत बसलेला असायचा, आखडलेला हात छातीशी धरून. सर खिशातलं पेन काढायचे, टोपण न उघडता त्याच्या कोपराला टोचायचे आणि म्हणायचे, "हा. हा घ्या मशीनवर." अंधारात पडलेली वस्तू दोरी आहे की जनावर, हे बघायला माणूस काडीनं ढोसतो ना, अगदी तसं. मी त्यांच्या हाताखाली शिकत होते तेवढ्या काळात त्यांनी कुणा पेशंटचा हात हातात घेतलेला मी पाहिला नाही. आणि हा माणूस हातांवरचा तज्ज्ञ म्हणून गावोगाव भाषणं देत फिरायचा.

लातूरच्या एका खाजगी फिजिओथेरपी कॉलेजात ते विभागप्रमुख होते. मी नांदेडची, मास्टर्ससाठी तिथं गेलेली. 'मीटर' हे नाव आमच्या आधीच्या मुलांनी ठेवलेलं होतं आणि ते इतकं चपखल होतं की आम्हाला त्यात काही भर घालता आली नाही. लाइटचं मीटर वाचायला येणारा माणूस घरात कोण आहे, कोण रडतंय, कोण निजलंय हे बघत नाही. आकडा टिपतो आणि पुढच्या दारात जातो. सरांचं तेच. फरक एवढाच, की लाइटवाल्याला कुणी शाल-श्रीफळ देत नाही. आता लिहिताना मी त्यांना 'ते' म्हणतेय खरी, पण मनातल्या मनात गेली कित्येक वर्षं मी त्यांना अरे-तुरेच करते. शिकवलंय त्यांनी मला, म्हणून कागदावर तेवढा मान ठेवते.

त्यांनी काय शिकवलं तेही सांगायला हवं. वारं गेल्यावर हात नुसता लुळा राहत नाही. काही दिवस जातात आणि तो कडक व्हायला लागतो. कोपर दुमडतं, मूठ मिटते. असा हात हळूहळू ओढला तर येतो. झटक्यानं ओढला की मध्येच अडतो, सरकतं दार खाली खडा येऊन अडावं तसा. हा अडथळा किती मोठा आहे हे आम्ही हातानं अजमावतो आणि शून्य ते चार यातला एक आकडा देतो. सरांना या आकड्यांचा भयंकर तिटकारा. "दोन फिजिओंना एकच हात द्या. एक म्हणेल दोन, दुसरा म्हणेल तीन. आणि तुम्ही याला शास्त्र म्हणता? यापेक्षा बाजारात वांगी दाबून बघणारी बाई बरी." यात ते चूक नव्हते. मी आणि माझी मैत्रीण एकाच पेशंटवरून भांडलेलो आहोत. नीट मोजायला हवं होतं, आणि ते मोजायचं वेड आमच्या भागात पहिल्यांदा या माणसाला लागलं. हे मी दात-ओठ खात का होईना, कबूल करते.

ते यंत्रही त्यांनी स्वतः केलेलं होतं. जीपच्या काचेवरचं पाणी पुसणाऱ्या वायपरची मोटर, एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतलेली लोखंडी खुर्ची, हात ठेवायला पन्हळ आणि स्नायूवर चिकटवायच्या गोल चकत्या. मोटर ठरलेल्या वेगानं कोपर सरळ करायची, हात किती जोरानं विरोध करतो ते पडद्यावर रेघेत उमटायचं. जितका कडक हात, तितकी उंच रेघ. तरुणपणी सर म्हणे रात्रंदिवस त्या वर्कशॉपमध्ये बसून असायचे, जेवणाचा डबा तसाच परत घरी यायचा. त्या मोटरला तेल घालताना मात्र ते बोटं लावायचे. रुमालानं पुसायचे, वाकून कानानं आवाज ऐकायचे, "आज जरा घोगरी वाटतेय" म्हणायचे. तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या बापाचा दिसायचा. मग वळून ते पेन काढायचे आणि पेशंटला टोचायचे, आणि माझ्या मनात जमलेली माया जागच्या जागी आटून जायची.

त्यांच्या वडिलांचं उदगीरला कापडाचं दुकान होतं. लहानपणी सर गल्ल्यामागं बसून अभ्यास करायचे. मूड चांगला असला की ते आम्हाला गजाची गोष्ट सांगत. कापड मोजताना वडील ते असं ताणून धरत की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पुरं भरायचं आणि घरी नेल्यावर चार बोटं कमी निघायचं. गिऱ्हाईक भांडायला आलं की वडील गज त्याच्या हातात देऊन म्हणत, घे, तूच मोज, गज खोटा असला तर दुकान तुझं. "गज कधीच खोटा नसतो," सर हसून म्हणायचे, "कापड कसं धरलंय त्यावर सगळं असतं." आम्हीही हसायचो. सरांनी आपल्याला सगळं सांगून टाकलंय, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येणार.

सरांचं बोधवाक्य होतं, 'आधी मोजमाप.' पेशंट आला की आधी मोजमाप, मग बाकी सगळं. बाकी सगळं म्हणजे खरोखर सगळं. पाणी नाही, चहा नाही, "कुठून आलात, कसं आलात" नाही आणि बाथरूमही नाही. पेशंट सगळे बाहेरगावचे, एस्टीनं यायचे. अर्धं अंग चालत नाही अशा माणसाला रस्त्यात उतरवून लघवीला नेणं म्हणजे घरच्यांना डोंगर उचलण्यासारखं; बायामाणसं तर आदल्या संध्याकाळपासून पाणीच पीत नसत. तशाच त्या कळ धरून विभागाच्या बाकावर येऊन बसायच्या. बाथरूम समोरच्या बोळात, पाच पावलांवर. पण तिथं न्यायचं म्हणजे धरायला दोघं हवीत, साडी सावरायला एक, परत आणायला अर्धा तास. सरांचं वेळापत्रक कोसळायचं. म्हणून नियम: आधी मोजमाप. मोजून झालं की पेशंट सुटल्यासारखा बोळाकडं धावायचा, म्हणजे जितकं धावता येईल तितकं. मग कँटीनचा चहा, मग सरांचा पट्टा, आणि मग पुन्हा मोजमाप.

हा पट्टा म्हणजे सरांच्या म्हातारपणाची कमाई. दंडाला बांधायचा रबरी पट्टा, आत कंप देणारं बारकं इंजिन. पट्टा बांधायच्या आधी रेघ उंच, पट्टा सोडल्यावर रेघ खाली. प्रत्येक पेशंटची. अगदी न चुकता. रेघ अशी काही खाली यायची की बघणाऱ्याच्या तोंडून "अरे वा" निघायचं. सरांनी त्या रेघा घेऊन हैदराबाद केलं, पुणं केलं. कॉलेजच्या संस्थाचालकांना त्यात पेटंट दिसायला लागलं, आणि सरांना स्वतःचं नाव. पट्ट्यानं थोडाफार गुण येतही असेल. मी काही पट्ट्याची वैरी नाही. पण आम्ही जे मोजत होतो ते पट्ट्याचं काम नव्हतं.

याच काळात मुखेडहून चांदबी आली. पन्नाशीची बाई, गोल चेहरा, तोंडात पान. मुखेडच्या बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान. सासऱ्याच्या आधीपासून मनियारीचा धंदा. तिचा डावा हात गेला होता, पायही थोडा ओढायचा. बांगड्या भरणाऱ्या बाईचा डावा हात म्हणजे काय, हे मला तिनंच समजावलं. उजव्या हातानं बांगडी सरकवायची, पण त्याआधी डाव्या हातानं गिऱ्हाइकाची मूठ धरायची, दाबायची, अंगठा आत मोडायचा, गोड बोलून हात मऊ करून घ्यायचा. "गिऱ्हाइकीन घाबरली की मूठ आवळती बेटा, अन् काच फुटते," ती म्हणाली. "मी म्हणते, हात सैल सोड माय, सैल सोड. आता माझाच हात सैल सुटून न्हाई राहिला." आणि पदर तोंडाला लावून हसली. तिला एवढंच हवं होतं. डाव्या हाताची पकड परत. चालणं वगैरे तिच्या दृष्टीनं वरकड होतं. दुकानात बसूनच राहायचं असतं.

मुखेडहून नांदेड जवळ. तरी ती लातूरला यायची, कारण मशीन लातूरला. तिच्या मुलानं कुठंतरी सरांचा फोटो पाहिलेला. पहिल्याच दिवशी तिची रेघ पट्ट्यानंतर धाडकन खाली आली आणि सरांनी तिला त्या रेघेची रंगीत प्रत काढून दिली. ही सरांची खास पद्धत होती. औषधाची चिठ्ठी विसरतील, पण रेघ देतील. चांदबीनं तो कागद लॅमिनेट करून दुकानात टांगला, बांगड्यांच्या नळ्यांच्या वर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "हे बघा, माझा हात उतरून राहिलाय."

हाताचा कडकपणा उतरत नव्हता. मी दर खेपेला तिचं कोपर माझ्या हातानं बघायची, सरांच्या नकळत. वांगी दाबून बघणाऱ्या बाईसारखं म्हणा हवं तर. आणि मला ते कोपर दर खेपेला आणखी थोडं अडलेलं लागायचं. वारं गेल्यानंतरचे पहिले काही महिने सोन्याच्या मोलाचे असतात. तेव्हा हात रोज ओढावा लागतो, रात्री पट्टी बांधून सरळ ठेवावा लागतो, गरज पडली तर स्नायूत इंजेक्शन द्यावं लागतं. ते दिवस हुकले की स्नायू आखूड होतो आणि मग कुणाच्या बापाचं चालत नाही. चांदबीचे ते दिवस एस्टीत आणि पट्ट्यात चालले होते.

मग एकदा तिच्या भाचीचं लग्न लातुरातच निघालं. ती बहिणीकडं मुक्कामाला राहिली आणि सकाळी रिक्षानं आली. मी चकत्या चिकटवल्या, सरांनी बटण दाबलं. पट्ट्याआधीची रेघ बुटकीच. सरांनी भुवया चढवल्या, तारा तपासल्या, पुन्हा मोजलं. बुटकीच. पट्टा बांधला, सोडला, मोजलं. तसूभर फरक नाही. सर मोटरला कान लावून बसले.

"आज मशीन रुसलं का सर?" चांदबी म्हणाली. "मला तर आज लई हलकं वाटून राहिलंय. बहिणीच्या घरून निवांत उरकून आले ना. न्हाईतर रोज एस्टीत जीव मुठीत धरून बसायचं, अन् इथं आल्यावरबी तुम्ही जाऊ देत न्हाई."

ती चेष्टेनं बोलली. मी मात्र चकती हातात धरून तशीच उभी राहिले. कारण लघवी तुंबली की आखडलेला हात-पाय आणखी कडक होतो, हे कुठल्याही विद्यार्थ्याला पाठ असतं, आणि मला ते याच माणसानं पहिल्या आठवड्यात वर्गात शिकवलेलं होतं. फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा ओढून. आधीची रेघ म्हणजे एस्टी. नंतरची रेघ म्हणजे बाथरूम आणि चहा. मध्ये पट्टा नुसता पाहुण्यासारखा बसलेला. हैदराबाद-पुण्याला टाळ्या पडल्या त्या बोळातल्या बाथरूमला.

मी त्याच दुपारी केबिनमध्ये गेले. मला खरंच वाटलं होतं की सरांना आनंद होईल. मोजण्यातली चूक सापडली तर मोजणाऱ्याला बरंच वाटायला हवं ना? मी म्हटलं, "सर, सगळ्यांना आधी बाथरूमला जाऊ देऊ, थोडं बसू देऊ, मग पहिलं माप घेऊ. चांदबीसारखंच निघेल बहुतेक."

सर मनगटावरचं घड्याळ फिरवत होते. "मग पट्टा काय करतो?"

"माहीत नाही सर. बहुतेक फारसं काही नाही."

त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही माप घ्या. अर्थ लावायला मी आहे. आणि आजचं ते माप बाद करा. नमुना बिघडलेला आहे."

सोमवारी मी आले तर बोळातल्या बाथरूमला कुलूप. गंगाधर मामा, आमचे शिपाई, किल्ली कमरेला खोचून स्टुलावर बसलेले. "दुरुस्ती हाय म्हणे म्याडम," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "मोजमाप झालं की उघडायचं, असं सांगितलंय सरांनी." मोजमाप झाल्याबरोबर दुरुस्ती संपणारं असं बाथरूम मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. तोपर्यंत सर मला नुसते हट्टी आणि कोरडे वाटायचे. त्या कुलपाकडं बघितलं आणि मला त्यांची किळस आली. ती आजतागायत गेलेली नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

मी मापं घ्यायला नकार दिला. सरांनी माझ्याकडचं काम दुसरीला दिलं आणि मला दुसऱ्या मार्गदर्शकाकडं, गुडघेदुखीवर पाठवलं. कॉलेजच्या वरिष्ठांना मी सगळं सांगितलं; त्यांनी ऐकून घेतलं, लेखी द्या म्हणाले, मी लेखी दिलं, आणि ते लेखी कुठंतरी सुखानं नांदत असेल. चांदबीला मात्र मी बाकावर गाठून स्पष्ट सांगितलं की मावशी, इथं येऊ नका. नांदेडला जा, रोज हात ओढून घ्या, इंजेक्शनचं विचारा. दिवस चाललेत.

तिनं माझ्याकडं मायेनं बघितलं. "तू शिकणारी पोर हायस बेटा. सर एवढे मोठे. त्यांची रेघ खाली येऊन राहिली, मी डोळ्यानं बघते की. रेघेचं ऐकू का तुझं?"

रेघेचं ऐकलं तिनं. कुणीही ऐकलं असतं. उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. एक दिवस मी गुडघ्यांच्या खोलीतून बाहेर आले तर चांदबी मशीनच्या खुर्चीत आणि मोटर नुसती गुरगुरतेय. हात हलेना. हा कडकपणा आता झटक्याबरोबर येणारा राहिला नव्हता. हळू ओढा की जोरात, कोपर गंजलेल्या बिजागरीसारखं झालं होतं. मूठ अशी मिटलेली की नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून तिच्या सुनेनं आत कापडाची सुरळी घातलेली. सरांनी मोटर जळेल म्हणून बटण बंद केलं. पेननं कोपराला टोचलं. "हे आता यंत्राच्या कक्षेबाहेर आहे," ते म्हणाले, आणि सुनेला म्हणाले, "आता येण्याची आवश्यकता नाही." आधी तिचं माप बाद झालं होतं, आता ती.

जाताना तिनं सरांना उजव्या हातानं सलाम केला.

मी पुढं नांदेडला माझं छोटं क्लिनिक काढलं. आता माझ्याकडंही मोजायचं यंत्र आहे, हातात मावणारं, आणि ते मी वापरते. मोजमापावर माझा राग नाही. पण भिंतीवर पाटी आहे: 'आधी बाथरूमला जाऊन या. पाणी प्या. मग बघू.' लोकांना वाटतं ही बाई स्वच्छतेची भोक्ती आहे. पेशंटचा हात हातात घेतला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "सैल सोडा, सैल सोडा." हे मी चांदबीकडून घेतलं. सरांकडून जे घेतलं ते पाटीवर आहे, उलटं करून.

सर निवृत्त झाले. मोठा सत्कार झाला, मला पत्रिका आली होती, मी गेले नाही. आणि यंदा एका सकाळी क्लिनिकसमोर लातूरची गाडी थांबली. सर उतरले. वाकलेले, केस पांढरे, शर्टाच्या खिशात पेन तेच. मागच्या सीटवर त्यांच्या मिसेस. बाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं, फार दिवस झाले नव्हते. मी दारात गेले. सरांनी नमस्कार केला, "कशा आहात" विचारलं नाही, पाटीही त्यांनी अजून वाचली नव्हती. ते घाईघाईनं म्हणाले:

"आधी हिला बाथरूमला न्याल का? अहमदपूरच्या पुढं कुठं धड जागाच नव्हती. कळ धरून बसलीये. असंच बघितलं तर हात उगाच कडक लागेल तुम्हाला."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनाही मग कळलं आपण काय बोललो ते. ते गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले.

"चांदबी आठवते का सर?" मी विचारलं.

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, कपाळाला आठ्या पडल्या. "डावं कोपर," ते म्हणाले. "बाद केलेलं. ना?"

मी बाईंना धरून आत नेलं.

त्यांनी नांदेडला एक खोली भाड्यानं घेतली आहे. बाई रोज येतात. सोशिक, गप्पिष्ट बाई. नवऱ्याची सगळी बोधवाक्यं त्यांना पाठ आहेत आणि एकावरही त्यांचा विश्वास नाही. मी त्यांचा हात रोज ओढते, इंजेक्शनही डॉक्टरांकडून देववलं, रात्रीची पट्टी सर स्वतः बांधतात. स्वतःच्या बोटांनी. ते बाहेरच्या बाकावर बसून असतात आणि आम्ही बाहेर आलो की विचारतात, "आज किती?" मी त्यांना आकडा सांगत नाही. चहा पाठवते. या म्हाताऱ्याची दया येते का असं मला माझी असिस्टंट विचारते. बाईंची येते. सरांची येत नाही. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, आणि आपल्या माणसासाठी ते त्यांना दारातच आठवलं.

बाईंचा हात सुटतोय. कोपर सरळ होतं, मूठ उघडते, मागच्या महिन्यात त्यांनी डाव्या हातानं स्टीलचा पेला धरला. मी मनातून आनंदले. चांदबीचंही कोपर तेव्हा असंच होतं. हा हात सुटला म्हणजे तोही सुटला असता, हे आता मला रोज सकाळी हाताला कळतं.

वारं गेलं तेव्हा बाईंच्या बांगड्या दवाखान्यात कापून काढल्या होत्या; त्यांना आता पुन्हा बांगड्या हव्या होत्या. डाव्या हातात हिरव्या काचेच्या. "आता मूठ मऊ झालीये, भरता येतील ना?" मी म्हटलं, येतील, पण माहितगार हात हवा. आणि मी त्यांना मुखेडच्या दुकानाचा पत्ता दिला. नांदेडात काय बांगड्यांची दुकानं नाहीत? ढिगानं आहेत. मी मुद्दाम पाठवलं, आणि त्यात चांगुलपणाचा अंशही नव्हता. सरांनी तो पत्ता वाचला. चांदबीचं नाव त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या हात पुढं करूनच. डावं मनगट हिरव्या काचेनं भरलेलं, एकही फुटलेली नाही. सांगत सुटल्या. सुनेनं भरल्या, पण शेजारी बसलेली म्हातारी सारखी बोलत होती, "सैल सोड माय, सैल सोड," आणि हात आपोआप सुटत गेला. तिचाही डावा हात गेलेला, बिचारीचा, पार मिटलेला.

"आणि अहो, दुकानात भिंतीवर ह्यांचा कागद! तो रेघेचा. काच बसवल्यासारखा चकचकीत, वर हार. म्हातारीनं ह्यांना लगेच ओळखलं. उठता येत नव्हतं तरी धडपडून उभी राहिली, सलाम केला. हे आपले कागदाकडं बघत उभे."

"सर काय म्हणाले?"

"काही नाही. तीच म्हणाली. म्हणाली, तुमची रेघ तर लई चांगली आली होती सर. माझाच हात नादान निघाला."